नावे ठेवणे : प्राथमिक शाळेतील छळ आणि भाषेची साक्ष

‘नाव ठेवणे’ हा प्रयोग मराठीत बारशालाही चालतो आणि निंदेलाही. अनेकवचनात, म्हणजे ‘नावे ठेवणे’ यात, तर बहुधा निंदेचाच अर्थ उरतो. घरी एकदा नाव ठेवले गेलेले मूल शाळेत गेले की त्याला दुसऱ्यांदा नावे ठेवली जातात आणि या दुसऱ्या नामकरणात त्याची संमती पहिल्याइतकीच गृहीत धरलेली असते. प्राथमिक शाळेतील मुले एकमेकांचा जो छळ करतात त्याचा विचार प्रायः मानसशास्त्राच्या वा शिस्तीच्या अंगाने केला जातो. परंतु हा छळ सहासात वर्षांच्या वयात हातापेक्षा जिभेने अधिक होतो. तो ओळखण्याचे वा न ओळखण्याचे सामर्थ्यही शिक्षकाच्या भाषेतच असते, म्हणून भाषा व साहित्य यांच्या अभ्यासकास तो परका विषय नव्हे.

या कृत्यास मराठीत एक शब्द नाही, अनेक आहेत. खोडी काढणे, चिडवणे, थट्टा, मस्करी, दांडगाई, वाळीत टाकणे, छळ. यांतील पहिले चार हलके आहेत. त्यांत खेळाचा, क्वचित कौतुकाचाही सूर आहे. ‘छळ’ हा शब्द मात्र इतका जड की तो सासुरवासासाठी किंवा तुरुंगासाठी राखून ठेवावा, असे सर्वसाधारण वळण दिसते. जयपूरच्या शाळांत चालणाऱ्या हिंदीचीही स्थिती निराळी नाही. ‘चिढ़ाना’ हलके, ‘दादागीरी’ थोराची, ‘धौंस’ शब्द नेमका पण वर्गात फारसा न उच्चारला जाणारा. परिणामी वर्गात जे घडते ते शिक्षकाच्या कानी हलक्या शब्दांतून पोहोचते आणि हलकेच ठरते.

नॉर्वेतील संशोधक दान ओल्वेउस यांनी १९७०च्या दशकापासून या प्रश्नाचा जो अभ्यास केला त्याचे महत्त्व येथे आहे. तेथे १९८२च्या अखेरीस काही शाळकरी मुलांच्या मृत्यूंनी देश हादरला आणि १९८३ मध्ये राष्ट्रव्यापी मोहीम सुरू झाली. ओल्वेउस यांची कसोटी तीन अंगांची आहे : दुखावण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि बळाची विषमता. दोन तुल्यबळ मुलांचे भांडण या व्याख्येत येत नाही. हा विवेक आवश्यकच आहे, कारण प्रत्येक खोडीला छळ म्हटले तर मुलांचे खेळणेच संपेल. परंतु विषमता केवळ शरीरबळाची नसते. भारतीय वर्गात ती जातीची, वर्णाची, बोलीची, वडिलांच्या धंद्याची असते. आणि ती शाळेच्या दारातून मुलांबरोबर आत येते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये जयपूरमधील एका खाजगी शाळेत नऊ वर्षांच्या विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने केलेल्या चौकशीनंतर, वर्गात होणाऱ्या चिडवण्याविषयीच्या तक्रारींकडे शाळेने लक्ष दिले नाही, असा ठपका ठेवण्यात आला. नियमांचा अभाव होता असे म्हणता येत नाही. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या सतराव्या कलमाने बालकास शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस प्रतिबंध केला आहे; २०१५ मध्ये याच मंडळाने शाळांतील परस्परछळ रोखण्याविषयी सूचनाही काढल्या होत्या. तेव्हा नियम होता, तक्रारही होती; नव्हते ते तक्रारीला तक्रार म्हणून ऐकणारे कान.

ते का नसावेत, याचे एक उत्तर पुन्हा शब्दातच सापडते. मराठीत ‘चहाडखोर’, हिंदीत ‘चुगलखोर’. आपल्यावरील अन्याय सांगावयास आलेले मूल आणि दुसऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून आलेले मूल या दोघांना शाळेत एकच नाव मिळते. “सारखी काय चहाडी करतोस, जागेवर बस” हे वाक्य उच्चारणाऱ्या गुरुजींच्या मनात बहुधा दुष्टावा नसतो. चाळीसपन्नास मुलांचा वर्ग सांभाळण्याची ती सवय असते. पण ऐकणारे मूल त्यातून दोन गोष्टी शिकते : सांगणे हा दोष आहे आणि सोसणे हा गुण आहे. छळणारे मूलही तेच शिकते, आणि पाहणारी मुले सर्वांआधी शिकतात. छळाला प्रेक्षक लागतात, ही गोष्ट शिस्तीचे नियम करणाऱ्यांच्या ध्यानी क्वचितच येते.

जे शाळेच्या कानी गेले नाही ते साहित्याने नोंदवून ठेवले आहे. ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या ‘जूठन’ (१९९७) या हिंदी आत्मकथनात सहाध्यायांच्या चिडवण्याची जी कोंडी आहे ती विलक्षण आहे : कपडे स्वच्छ असले तरी टोमणे, मळके असले तरी टोमणे. अशा प्रसंगी ‘वागणूक सुधार’ हा उपदेश निरर्थक ठरतो, कारण छळाचे कारण वागणुकीत नसतेच. शिवाय मुख्याध्यापकच जेथे त्या मुलाच्या हाती झाडू देतो तेथे मुलांना निराळे शिकवावे लागत नाही.

मराठी आत्मकथनांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. ज्या नावाने हिणवले गेले तेच त्यांनी ग्रंथाच्या कपाळी लावले. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) हे शीर्षक अकरा माशांचा, म्हणजे पुरा तोळा न भरलेला, अशा अर्थाचा शिवीवजा शब्द आहे. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) हेही तसेच. ‘अक्करमाशी’त शाळेच्या सहलीचा एक प्रसंग आहे. सवर्ण मुले एका बाजूस जेवतात, महारांची मुले दुसऱ्या बाजूस. त्यांच्या वाट्यास उरलेले अन्न येते. दुसऱ्या दिवशी गुरुजी त्या सहलीवर निबंध लिहावयास सांगतात. येथे कोणी कोणास मारले नाही. कदाचित कोणी काही बोललेही नाही. तरी शाळेने मुलांना जो पाठ द्यावयाचा तो दिला, आणि वर त्याचे सुंदर वर्णन करण्याची अपेक्षाही ठेवली. छळ म्हणजे वाईट मुलाने चांगल्या मुलास दिलेला त्रास, एवढीच कल्पना असणाऱ्यास हा प्रसंग नोंदवताच येणार नाही.

मग उपाय? सद्वर्तनास बक्षीस हा सोपा मार्ग अनेक शाळा धरतात : ‘आदर्श विद्यार्थी’, फळ्यावरील तारे, छातीवरचा बिल्ला. गिजुभाई बधेका यांनी बक्षीस आणि शिक्षा या दोहोंना एकाच नाण्याच्या बाजू मानले, ते येथे आठवावे. १९३०च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकातील शिक्षक चौथीच्या वर्गात पहिल्याच दिवशी सपशेल फसतो. गोंगाट आवरत नाही. वर्ग ताब्यात येतो तो दटावणीने नव्हे, गोष्टीने. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी हा विचार मराठीत आणला व पुढे बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेला. राजस्थानात तो हिंदीतून पोहोचला. काशिनाथ त्रिवेदी यांनी अनुवादलेली गिजुभाईंची पुस्तके चूरू जिल्ह्यातील राजलदेसरच्या माँटेसरी बाल शिक्षण समितीने प्रसिद्ध केली. एक गुजराती विचार दोन वाटांनी दोन भाषांत गेला, ही साहित्याच्या इतिहासकाराने नोंदवावी अशी घटना आहे. दुर्दैवाने बालशिक्षणाचे गद्य आपण वाङ्मय मानीत नाही.

जयपुरातच १९७८ मध्ये रोहित धनकर व रीना दास यांनी ‘दिगंतर’ची शाळा सुरू केली. कर्नाटकातील नीलबागचे डेव्हिड हॉर्सबर्ग हे त्यांचे प्रेरणास्थान. या शाळेत इयत्ता नव्हत्या. निरनिराळ्या वयाची मुले एका गटात आपापल्या गतीने शिकत. वार्षिक परीक्षा नाही, क्रमांक नाही, शिक्षा नाही. वरवर पाहता याचा छळाशी संबंध नाही. परंतु जेथे पहिला नाही तेथे ‘ढ’ही नाही, जेथे मोठे मूल धाकट्यास वाचावयास मदत करते तेथे थोरपणाचा निराळा उपयोग त्यास सापडतो. विषमता नाहीशी होत नाही, तिला काम मिळते. अर्थात लहान गट, शिक्षकांचे दीर्घ प्रशिक्षण आणि रोजचा आपसांतील विचारविनिमय यांवाचून हे साधत नाही, आणि सरकारी शाळेतील एकट्या शिक्षकापाशी यांतले बहुतेक काही नसते.

त्याच्यापाशी भाषा मात्र असते. चहाडी आणि तक्रार हे दोन शब्द वेगळे वापरणे, टोपणनाव त्या मुलाला विचारल्यावाचून हजेरीच्या वेळी न उच्चारणे, गोष्टीतल्या हिणवलेल्या पात्राला काय वाटले असेल हे वर्गाला विचारणे, एवढे त्यास उद्या सकाळी करता येते. सहलीचा निबंध सांगण्यापूर्वी कोण कोठे बसून जेवले हेही त्याला पाहता येते.