वेकस्केट : फळीची निवड

मोटारबोटीने किंवा यांत्रिक तारेने ओढले जात असताना पाण्यावरून घसरत जाण्यासाठी वापरावयाची, पाय अडकविण्याची सोय नसलेली फळी. वेकबोर्डवर खेळाडूचे पाय बुटांसारख्या पकडीत जखडलेले असतात. वेकस्केटवर ते स्केटबोर्डप्रमाणे मोकळे राहतात. हा खेळ १९९० नंतरच्या दशकात मुख्यत्वे अमेरिकेत वाढीस लागला.

पाय मोकळे असल्याने तोल सांभाळण्याचा सर्व भार फळीच्या घडणीवर व तळव्यांच्या पकडीवर पडतो. म्हणून पहिल्या फळीची निवड रंगचित्रे पाहून करणे महागात पडते. फळ्यांची लांबी सामान्यतः सु. १०० ते ११५ सेंमी. असते. लांब व रुंद फळी कमी वेगातही पाण्यावर टिकून राहते आणि तिच्यावर उभे राहणे सुलभ होते. आखूड फळी हवेत फिरविण्यास सोयीची, परंतु अस्थिर. दोन मापांत संदेह असल्यास नवशिक्याने मोठे माप घेणे श्रेयस्कर होय. तळाचा बाक मंद व सलग असावा. टोकांशी एकदम वळलेला बाक उसळी देतो, पण पाणी ढकलून वेग खातो. तळाचे पर फळीची दिशा राखतात. ते काढता येण्याजोगे असावेत, कारण पुढे फळी आडवी घसरविताना त्यांचा अडसर होतो.

मॅपलच्या पातळ थरांची लाकडी फळी बहुधा स्वस्त असून पायाखाली किंचित लवते. मात्र कडेचा लेप उडाल्यास आत पाणी मुरून थर सुटू लागतात. जुनी फळी घेताना कडा व परांची भोके प्रथम तपासावीत. फेसाच्या गाभ्यावर काचतंतूंचे आवरण असलेली फळी हलकी व अधिक तरंगणारी, पण महाग असते. दुमजली फळी कसबी खेळाडूंसाठीच योग्य.

वरच्या बाजूस वाळूकागदासारखे खरखरीत आवरण असल्यास पाणी निथळून जाणारे बूट आवश्यक ठरतात, अन्यथा कातडी सोलवटते. अनवाणी खेळावयाचे असल्यास मऊ फेसाचे आवरण बरे. पडताना फळी पायांपासून सुटत असल्याने गुडघा पिळवटण्याचा धोका कमी होतो. परंतु तीच सुटी फळी नडगीवर वा डोक्यावर आदळू शकते. यास्तव शिरस्त्राण व तरण-जाकीट यांचा खर्च फळीच्या किमतीतच धरावा लागतो.