उसाच्या पट्ट्यातली केंद्रावरची टीका: खरी किती, ऐकीव किती

2024 च्या लोकसभा निवडणुकीत बारामती मतदारसंघातल्या पवार घराण्यातील नणंद-भावजयीच्या लढतीची चर्चा देशभर झाली. बारामती आणि इंदापूरच्या शेतकऱ्यांपुढे मात्र त्याच वेळी दुसरे प्रश्न होते: कांद्याची निर्यातबंदी, इथेनॉलवर अचानक आलेले निर्बंध, साखरेचा दर. शरद पवारांच्या राष्ट्रवादी काँग्रेसने केंद्र सरकारवर केलेल्या टीकेचा गाभाही तोच होता. त्यावर दोन्हीकडचे कार्यकर्ते पारावर आणि कारखान्याच्या गेटवर जे बोलतात त्यात अर्धं खरं असतं आणि अर्धं ऐकीव. ज्याच्या खात्यावर उसाचं बिल जमा होतं त्याला अर्धी माहिती परवडत नाही.

गैरसमज: एफआरपी दरवर्षी वाढते आहे, त्यामुळे टीकेला जागाच नाही.

एफआरपी, म्हणजे केंद्राने उसाला ठरवून दिलेला दर, वाढली हे खरं आहे. 2018-19 च्या हंगामाला ती टनाला 2750 रुपये होती, 2025-26 साठी 3550 रुपये ठरली. पण या आकड्याला उताऱ्याची, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीची, अट असते आणि ती जाहिरातीत दिसत नाही. 2018-19 मध्ये पायाभूत उतारा साडेनऊवरून 10 टक्के केला, 2022-23 मध्ये तो 10.25 टक्क्यांवर नेला. 2018-19 चाच हिशेब 10.25 टक्के उताऱ्याला लावला तर तेव्हाचा दर 2818 रुपये निघतो. म्हणजे सात वर्षांतली खरी वाढ 800 रुपयांची नाही, साधारण 731 रुपयांची आहे, टक्क्यांत 26 च्या आसपास. तीही पूर्ण हातात येत नाही, कारण आपल्याकडे तोडणी आणि वाहतूक त्यातूनच कापली जाते. या सात वर्षांत खत, मजुरी, नांगरट कुठे पोचली हे प्रत्येकाने आपल्या वहीत पाहावं. पायाभूत उतारा वाढवून दरवाढ मोठी दाखवली जाते, हा विरोधकांचा आक्षेप त्यामुळे पूर्णपणे बरोबर आहे. मला तर वाटतं तो त्यांनी याहून जोरात मांडायला हवा होता.

एक गोष्ट मात्र विसरू नये. एफआरपी हा किमान दर आहे. माळेगाव आणि सोमेश्वर कारखान्यांनी त्याहून जास्त भाव अनेकदा दिला आहे. शेजारच्या कारखान्याने दिला आणि आपल्या कारखान्याने का नाही, याचा जाब दिल्लीत नव्हे, वार्षिक सभेत विचारायचा असतो.

गैरसमज: केंद्रामुळे कारखान्यांना साखर किलोला 31 रुपयांनी विकावी लागते.

ही चूक विरोधकांकडची. 31 रुपये हा किमान विक्री दर आहे. त्याच्या खाली साखर विकता येत नाही, वर कितीही विकता येते आणि बाजारात गेली काही वर्षं ती वरच विकली जाते आहे.

तरीही या 31 रुपयांत एक खरी तक्रार दडलेली आहे. जून 2018 मध्ये हा दर पहिल्यांदा 29 रुपये ठरला, फेब्रुवारी 2019 मध्ये 31 झाला आणि तिथेच थांबला. त्यानंतर एफआरपी सहा वेळा वाढली. 2025-26 ची एफआरपी जाहीर झाली तेव्हाही साखरेचा किमान दर 31 च होता. हिशेब करून पाहा. 10.25 टक्के उताऱ्याने एक टन उसातून 102.5 किलो साखर निघते. 31 रुपयांनी तिचे 3177 रुपये होतात. उसाला द्यायचे 3550. साखरेचा बाजार पडला तर सरकारने बांधून दिलेल्या आधारावर कारखाना उसाची किंमतसुद्धा काढू शकत नाही, पगार आणि व्याज तर दूरच. उसाचा किमान दर आणि साखरेचा किमान दर दोन्ही केंद्रच ठरवतं, म्हणून या दरीची जबाबदारीही केंद्राचीच.

ही मागणी एका पक्षाची नाही, याचा पुरावा इंदापुरातच आहे. हर्षवर्धन पाटील राष्ट्रीय सहकारी साखर कारखाना महासंघाचे अध्यक्ष झाले तेव्हा ते भाजपमध्ये होते. ऑक्टोबर 2024 मध्ये ते शरद पवारांच्या पक्षात आले. महासंघाची किमान दर वाढवण्याची मागणी त्या आधीही होती आणि नंतरही राहिली.

गैरसमज: इथेनॉलला या सरकारने बळ दिलं, विरोधक उगाच ओरडतात.

इथेनॉलला बळ मिळालं हे नाकारणं अन्यायाचं होईल. पेट्रोलमधलं मिश्रण 2014 ला दीड टक्क्याच्या आसपास होतं, 2025 मध्ये ते 20 टक्क्यांवर गेलं. 2018 पासून केंद्राने आसवनी प्रकल्पांच्या कर्जाला व्याज सवलत दिली आणि कारखान्यांनी त्या भरवशावर कर्जं काढली.

आणि मग 7 डिसेंबर 2023 उजाडला. गळीत हंगाम ऐन भरात असताना उसाच्या रसापासून आणि पाकापासून इथेनॉल करायला केंद्राने एका आदेशाने मनाई केली. पाऊस कमी झाला होता, साखर महाग होण्याची भीती होती, निवडणूक जवळ आली होती. आठवडाभरातच आदेश सैल करून 17 लाख टन साखरेइतकी मर्यादा घालून दिली आणि निर्बंध उठायला ऑगस्ट 2024 उजाडला. ज्याच्या प्रकल्पाचा हप्ता चालू आहे त्याला हंगामाच्या मध्यात नियम बदलून देणं, याला धोरण म्हणवत नाही. सभासदाचा अंतिम भाव यात अडकतो.

दराचीही तीच गत. रसापासूनच्या इथेनॉलचा दर 2022-23 मध्ये लिटरला 65.61 रुपये ठरला. तेव्हा एफआरपी 3050 होती. 2024-25 मध्ये एफआरपी 3400 झाली, इथेनॉल 65.61 वरच राहिलं. मक्याच्या इथेनॉलला मात्र 71.86 रुपये मिळाले. मका उत्पादकाला मिळाले त्यात वाईट काही नाही. उसाला का नाही, एवढाच प्रश्न आहे आणि त्याचं पटणारं उत्तर मी तरी ऐकलेलं नाही.

गैरसमज: निर्यातबंदी हे याच सरकारचं पाप, पवार कृषिमंत्री असताना असं होत नव्हतं.

होत होतं. 2006 मध्ये साखरेची निर्यात बंद केली गेली. सप्टेंबर 2011 मध्ये कांद्याची निर्यात बंद केली, ओरड झाल्यावर काही दिवसांत ती उठवली. दोन्ही वेळा केंद्रीय कृषिमंत्री शरद पवारच होते. निर्यातीचा निर्णय कृषी खात्याचा नसतो आणि पवारांनी अशा काही निर्णयांना मंत्रिमंडळात असूनही उघड विरोध केला, हेही खरं. पण सरकार त्यांचं होतं. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त मिळावं म्हणून शेतकऱ्याचा भाव पाडायचा, ही दिल्लीची सवय पक्ष बघून बदललेली नाही.

फरक कालावधीचा आहे आणि तो लहान नाही. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, ऑक्टोबरमध्ये टनाला 800 डॉलरचं किमान निर्यात मूल्य, 8 डिसेंबरला थेट बंदी. 11 डिसेंबरला चांदवडला पवार स्वतः रस्त्यावर उतरले. महिनाअखेरीस सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हे यांनी शिवनेरीपासून पुण्यापर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा नेला. बंदी 4 मे 2024 ला उठली, म्हणजे बारामतीच्या मतदानाच्या तीन दिवस आधी, तीही 40 टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्ण गेलं 1 एप्रिल 2025 ला. दीड वर्षाहून जास्त काळ बाजार अडवून धरला गेला. बारामतीच्या जिरायत भागात ज्यांनी त्या काळात कांदा काढला, त्यांचं नुकसान 2011 च्या उदाहरणाने भरून निघत नाही.

गुजरातचा पांढरा कांदा सोडला आणि महाराष्ट्राचा अडवला, हा आरोप त्या वेळी खूप गाजला. एप्रिल 2024 मध्ये 2000 टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली होती, हे खरं. त्याच सुमारास सहा देशांसाठी 99,150 टनांची परवानगी जाहीर झाली आणि त्यातला बहुतेक कांदा महाराष्ट्राचा होता, हेही खरं. पण सरकारमार्फत, ठरावीक देशांना आणि मोजून जाणारा कांदा म्हणजे खुली निर्यात नव्हे.

गैरसमज: केंद्राने सहकारी कारखान्यांना काहीच दिलं नाही.

दिलं. एफआरपीपेक्षा जादा दिलेला भाव नफा धरून कारखान्यांवर प्राप्तिकराची नोटीस लागायची. हे भूत वर्षानुवर्षं मानेवर होतं आणि केंद्रातल्या काँग्रेस आघाडीच्या दहा वर्षांतही उतरलं नाही. 2023 च्या अर्थसंकल्पात 2016-17 आधीचा तो जादा भाव खर्च म्हणून मान्य झाला. सरकारच्या अंदाजाने हा दिलासा जवळपास 10,000 कोटींचा. विरोधकांनी हे मान्य केलं असतं तर बाकीच्या टीकेचं वजन वाढलं असतं.

गैरसमज: बिल थकलं, एफआरपीचे तुकडे झाले, पाणी आलं नाही, सगळं दिल्लीमुळे.

ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे आणि उशीर झाला तर 15 टक्के व्याज, हा नियम केंद्राचा आहे. तो पाळायला लावणारे साखर आयुक्त पुण्यात बसतात आणि ते राज्याचे असतात. एफआरपीचे दोन हप्ते करण्याचा निर्णयही राज्याचा होता, फेब्रुवारी 2022 चा, महाविकास आघाडी सरकारचा. त्या सरकारात राष्ट्रवादी होती. शेतकरी नेते राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. महाविकास आघाडीनंतरच्या सरकारनेही तो आपणहून मागे घेतला नव्हता. नीरा डावा कालवा, उजनीचं पाणी, लाकडी-निंबोडी उपसा योजना हे विषय मुंबईच्या मंत्रालयातले आहेत. त्यासाठी पंतप्रधानांच्या नावाने घोषणा देऊन वितरिकेत पाणी येणार नाही. ज्या सभासदाचं बिल पंधराव्या दिवशीही जमा झालेलं नाही त्याने व्याजासह मागणीचा अर्ज थेट साखर आयुक्तांकडे द्यावा, आणि कारखान्याचा अध्यक्ष कोणत्या गटाचा आहे हे बघून तो खिशात ठेवू नये.