‘शूलामिथ’ : इस्रायलला न गेलेल्या बायकोची गोष्ट 📚

ठाणेकर वाचकहो, टेंभी नाक्याजवळचं सिनेगॉग तुम्ही पाहिलंच असेल. ‘शआर हाशामाइम’, म्हणजे स्वर्गाचं दार. 1879 साली बांधलेलं. ते बेने इस्रायली समाजाचं. ही मंडळी घरात मराठी बोलणारी. कोकणात तेलघाणे चालवायची आणि शनिवारी काम बंद ठेवायची, म्हणून ‘शनिवार तेली’.

याच समाजातल्या मिरियम जेकब मेंद्रेकर पुढे मीरा महादेवन झाल्या. त्यांची हिंदी कादंबरी ‘अपना घर’ 1961 साली आली आणि 1975 मध्ये ती ‘शूलामिथ’ नावाने इंग्रजीत गेली.

1948 नंतर हजारो बेने इस्रायली इस्रायलला गेले. कादंबरीची नायिका शूलामिथ, तिचा नवराही जातो, ती मात्र भारतातच राहते. धर्माची भूमी खरी, की जिथे माहेर-सासर, भाषा आणि सणवार आहेत ती? स्थलांतराचा इतिहास इथे एका संसाराच्या आतून दिसतो, म्हणून मला ही कादंबरी फार मोलाची वाटते.

मीराताईंचं दुसरं काम तर आपल्या ठाण्यातल्या माजिवड्यालाही जवळचं आहे. 1969 मध्ये दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर मजूर आयांची तान्ही मुलं धुळीत पडलेली पाहून त्यांनी ‘मोबाइल क्रेशेस’ सुरू केली. बांधकामाच्या जागेवरच पाळणाघर! 1977 मध्ये त्यांचं अकाली निधन झालं, काम चालू राहिलं.

टॉवर आणि मेट्रोची कामं रोज पाहणाऱ्या आपण त्यांना वाचायलाच हवं. जुनी प्रत कुणाकडे असेल तर कमेंटमध्ये नक्की कळवा.

#बेनेइस्रायल #ठाणे #वाचनवेडे