फिल्मवर ऑर्डर घेताय? आधी रोल भरायला शिका!

गर्दीत वेगळं काही द्यायचं म्हणून फिल्म कॅमेऱ्यावर पोर्ट्रेट काढून द्यायचा विचार करताय? छान! पण इथे स्क्रीन नाही. रोल सरकलाच नाही, तर 36 फोटोही गेले आणि गिऱ्हाईकही.

1976 ते 1997 दरम्यान बनलेला पेन्टॅक्स के1000 हा मॅन्युअल कॅमेरा घ्या. त्यात असं करा:

1. रोल सावलीत भरा. फिल्मचं टोक उजवीकडच्या स्पूलमध्ये खोचा. भोकं दात्यांत बसली की मागचं झाकण लावा.

2. डावीकडची रिवाइंडची मूठ हलकेच फिरवून ढील काढा. आता लिव्हर ओढताना ती मूठ फिरतेय का बघा. फिरली तरच फिल्म सरकतेय. आकड्यावर विसंबू नका, तो रिकाम्या कॅमेऱ्यातही वाढतो!

3. रोल संपला की तळाचं बटण दाबून फिल्म पूर्ण गुंडाळा. मगच झाकण उघडा.

4. तापलेल्या गाडीत रोल ठेवू नका. फ्रिजमधला रोल बंद डबीतच तासभर बाहेर ठेवा, नाहीतर ओल धरते.

पहिली ऑर्डर घेण्याआधी एक रोल घरच्यांवर संपवा, धुऊन आणा, तपासा. आणि दर ठरवताना रोल, धुलाई, स्कॅनिंग हे तिन्ही खर्च धरायला विसरू नका.