म्यूऑन
विश्वकिरण वातावरणातील अणुकेंद्रांवर आदळून निर्माण होणाऱ्या पायॉनांच्या क्षयातून उत्पन्न होणारा मूलकण. तळहाताएवढ्या पृष्ठावर मिनिटास सु. शंभर म्यूऑन पडतात. त्याचे सरासरी आयुर्मान अवघे २·२ मायक्रोसेकंद असल्याने प्रकाशवेगानेही तो सु. ६६० मी. एवढेच अंतर कापील. तथापि १५ किमी. उंचीवर जन्मलेले अनेक म्यूऑन भूपृष्ठास पोहोचतात. अतिवेगामुळे त्यांचे आयुर्मान भूस्थित निरीक्षकास वाढलेले आढळते. अशा कणांच्या क्षयावरून सापेक्षता सिद्धांत पडताळता येईल, हे होमी भाभा यांनी १९३८ मध्येच सुचविले होते. तळाशी शुष्क बर्फाने थंड केलेल्या, अल्कोहॉलाच्या बाष्पाने भरलेल्या काचपेटीत म्यूऑनाचा मार्ग बारीक, सरळ शुभ्र रेषेने क्षणभर दिसतो. जाड, आखूड रेषा बहुधा आल्फा कणाची असते.