पेढीचा वकील पुरेसा नाही

विवाहविच्छेदाचा प्रसंग ओढवला की आपली व्यापारी घराणी पेढीच्याच वकिलाकडे धाव घेतात. करप्रकरणांत तो निष्णात असेलही. येथे मात्र कुटुंब न्यायालयात नित्य काम करणारा वकील हवा. पहिल्याच भेटीत स्त्रीधनाचा विषय काढावा. लॉकर सासूच्या नावे असला, तरी त्यातील स्त्रीधन सुनेचेच राहते. दागिन्यांची यादी व पावत्या जो आपणहून मागतो, तो जाणकार. जैनांना १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागू आहे, हेही त्याला ठाऊक असावे. २०२५ मध्ये इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने ते नाकारले आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयाला तो निर्णय रद्द करावा लागला. पोटगीच्या रकमेत टक्केवारी मागणाऱ्याला मात्र तत्काळ नमस्कार करावा. वकिलांच्या व्यवसायनियमांत तसा मोबदला निषिद्ध आहे.