उरलेला कागद : जपणूक आणि उपयोग

कार्यानुभवाच्या तासानंतर वर्गात कागदाचे तुकडे उरतात. ते केरात न टाकता निवडून ठेवावेत, असा प्रघात आम्ही आपल्या निवासी शाळेत पाडला आहे. त्यावर काही पालकांनी विचारले, “मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्ट्या तुकड्यांवर जगणे सोडा, असे बजावले. मग आमच्या लेकरांना तुकडे गोळा करायला का शिकवता?”

प्रश्न रास्त आहे. दुसऱ्याने फेकलेला तुकडा जन्मामुळे ज्याच्या वाट्याला येतो, त्याच्यावर लाचारी लादली जाते. आपणच कापलेल्या कागदाचा उरलेला भाग आपणच नीट लावणे, ही काटकसर होय. म्हणून निवडीचे काम सर्व विद्यार्थी पाळीपाळीने करतात, शिक्षकही त्या पाळीत असतात. शिक्षा म्हणून ते कोणालाही दिले जात नाही. वर्गीकरण हे कौशल्याचे आणि सन्मानाचे काम आहे, हे पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभारणाऱ्या आपल्या भगिनींनी जगाला दाखवून दिलेच आहे.

काटकसरीचा हा विचार धम्मातही आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात कथा येते, ती अशी : कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंद थेरांना पाचशे चीवरे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे काय करणार, असे राजाने विचारले. आनंदांनी सांगितले की, ती जीर्ण चीवरांच्या भिक्खूंना वाटू. जुन्या चीवरांची आच्छादने होतील, आच्छादनांच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरुणे, त्यांची पायपुसणी आणि पायपुसण्यांची फडकी होतील. शेवटी फडक्यांचे तुकडे चिखलात कालवून त्याने जमीन लिंपू. मोठ्याकडून लहानाकडे जाणारा हाच क्रम आम्ही कागदाला लावतो.

निवड करताना प्रथम जाडी, मग आकार आणि शेवटी रंग पाहावा. आधी रंग पाहिला, तर पातळ व जाड कागद एकत्र होतात आणि चिकटवल्यावर काम सुरकुतते. तीन खोकी पुरतात : पताकेचा व घोटीव कागद पहिल्यात, वह्यांची पाने दुसऱ्यात, लग्नपत्रिका व पुठ्ठा तिसऱ्यात. तळहाताहून मोठे तुकडे जुन्या दिनदर्शिकेच्या घडीत सपाट ठेवावेत, पट्ट्यांची दोऱ्याने सैल जुडी बांधावी, नखाएवढे तुकडे झाकणाच्या डब्यात टाकावेत. तेलकट वा ओला कागद मुळीच ठेवू नये. त्याला बुरशी येते व कसर लागते.

मोठ्या तुकड्यांची पाकिटे व वह्यांची नावपत्रे होतात. नखाएवढ्या तुकड्यांतून चिकटकामाने पिंपळपान उत्तम साधते. पट्ट्यांचा सर्वांत सुंदर उपयोग म्हणजे पंचशील ध्वज. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा व नारिंगी असे पाच उभे पट्टे क्रमाने लावावेत. सहावा उभा पट्टा याच पाच रंगांच्या लहान तुकड्यांनी वरून खाली त्याच क्रमाने भरावा. म्हणजे इतरत्र निरुपयोगी ठरणारे तुकडे ध्वजात हक्काची जागा घेतात. वैशाख पौर्णिमेच्या सजावटीसाठी मुले असे ध्वज करतात.

यानंतरही जे उरते, ते रात्रभर पाण्यात भिजवून कुटावे, त्यात मेथीचे पीठ मिसळावे आणि हा लगदा पालथ्या भांड्यावर थापून वाळवावा. आपल्या आयाबाया अशाच टोपल्या करीत. आनंदांच्या फडक्यांचा शेवट चिखलात होतो, आमच्या कागदाचा शेवट या टोपलीत. तीत खडू, पेन्सिली राहतात.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना विनंती आहे की, घरातील लग्नपत्रिका व जुन्या दिनदर्शिका टाकून देऊ नयेत. शाळेला भेट द्याल, तेव्हा त्या सोबत आणाव्यात आणि एखादा तास मुलांबरोबर निवडीला बसावे.